पॅनेलवर दिवा नाही

१० तारीख, बुधवार

सकाळी संगणक चालू केला तर खाली उजव्या कोपऱ्यातला नेटचा आयकॉन गायब. कालपर्यंत होता. दोन छोटे पडदे एकामागे एक उभे केल्यासारखं चित्र. त्याच्या एका बाजूचं घड्याळ जागेवर आहे, दुसऱ्या बाजूचा आवाजाचा भोंगा जागेवर आहे आणि दोघं सरकून एकमेकांना खेटून बसलेत. मधे कोणी होतं याचा पत्ताच नाही.

निवृत्त होताना पंपहाऊसमधून एक कोरं लॉगबुक मागून आणलं होतं. वेळ, बिघाड, केलेला उपाय, निकाल असे चार रकाने. सहा वर्षं ते कपाटात पडून होतं, आज काढलं. रकाने अरुंद आहेत आणि मला लिहायचंय जास्त, तेव्हा सरळ रेघांवरून लिहीत सुटतो.

हा बिघाड नेमका आत्ताच व्हावा! काल दुपारी धाकट्याची मेल आली. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. सात वर्षांत आमच्यात एक शब्द नाही. घशात गाठ निघाली आहे म्हणतो. वीस तारखेला सकाळी ऑपरेशन आहे, त्यात स्वरयंत्रच काढणार. नंतर आवाज राहणार नाही. जन्मभर घाऊक बाजारात लिलाव पुकारलेला माणूस, याची हाक चार गाळे ओलांडून जायची. पुढे लिहिलंय, 'फोनवर माझं बोलणं आता कुणाला कळत नाही, तोंड दिसलं तर कळतं. मी रोज संध्याकाळी पाच वाजता संगणकासमोर बसतो. एकोणीसला सात वाजता दवाखान्यात दाखल व्हायचंय. तुला बोलावंसं वाटलं तर बघ.'

बघ म्हणे! बोलणार तर आहेच मी. थोरला आहे. पण आधी आयकॉन.

बायको म्हणाली, "अहो, नेट चालू असेल की. लावून तर बघा."

"पॅनेलवर दिवा नसताना मी कधी पंप चालू केलाय?"

"केला होतात ना एकदा."

केला होता, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. दिवा लागला नाही, मला वाटलं बल्ब गेला असेल, आणि दाबलं बटण. पंप कोरडाच फिरला आणि जळला. अख्ख्या गावाला दोन दिवस पाणी नव्हतं. तेव्हापासून माझा एकच नियम, दिवा नाही तर बटणाला हात नाही. हे तिला चांगलं माहीत आहे, तरी बोलतेच.

पावणेपाचला नेहमीप्रमाणे फिरायला गेलो. आयकॉनच नाही तर पाच वाजता तिथे बसून करायचं काय?

११ तारीख, गुरुवार

सकाळी ९.१०. नेटच्या वायरची दोन्ही टोकं काढून पुसून परत लावली. निकाल: नाही.

९.४०. बंद करून चालू. तीनदा. या संगणकाला जागं व्हायला सहा मिनिटं लागतात. बारा वर्षांचा आहे. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा नवा घेऊन गेली आणि हा आमच्या गळ्यात मारून गेली. निकाल: नाही.

१०.३०. घड्याळाजवळ एक बारीक बाण आहे, तो दाबला की लपलेले आयकॉन एका डबीत दिसतात. डबीत प्रिंटरचा आयकॉन सापडला. प्रिंटर भंगारात जाऊन चार वर्षं झाली. जो नाही त्याचा दिवा लागलाय आणि जो हवा त्याचा नाही.

भिंतीवरच्या नेटच्या डब्याचे तिन्ही दिवे हिरवे आहेत. बायकोने तेच दाखवलं. मी तिला समजावलं की पंपाजवळचा दिवा वेगळा आणि पॅनेलवरचा वेगळा, माणसाने पॅनेल बघून काम करायचं असतं. मग म्हणाली, "बरं, फोन करा. घोगरा तर घोगरा." मी मेलमधली ओळ दाखवली. फोनवर कळत नाही असं त्याने स्वतः लिहिलंय, मी काय करू? ती तिच्या शिलाईच्या मशीनवर जाऊन बसली आणि बराच वेळ मशीन जोरात चालवली.

१३ तारीख, शनिवार

काल काही नाही. आज कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाईंना घरी बोलावलं. पन्नाशीच्या आहेत, चष्मा डोक्यावर, हातात स्क्रूड्रायव्हर असतोच, लागो न लागो. त्यांनी दोन मिनिटांत बातम्यांचं पान उघडून दाखवलं.

"काका, नेट चालू आहे. नुसतं चित्र हरवलंय."

"ही बातमी कालची आहे," मी म्हणालो. "आधीच साठवलेली असेल."

बाईंनी बायकोकडे बघितलं. बायकोने छताकडे बघितलं. मग बाई सेटिंगमध्ये गेल्या. तिथे कोणते आयकॉन दाखवायचे त्याची यादी आहे. आवाज, घड्याळ, नेटवर्क. आवाजापुढे चालू-बंद करता येतं. नेटवर्कची ओळ मात्र पुसट झालीये, तिला हातच लावू देत नाही. बाई म्हणाल्या, जुन्या संगणकांचं हे दुखणं आहे, तो आयकॉन लक्षात ठेवायच्या नोंदी खराब होतात. दोन नोंदी पुसल्या की तो नव्याने लिहून काढतो.

"नोंदी पुसायच्या?" मी माउसवर हात ठेवला. "आणि चुकीची पुसली गेली तर?"

"मग विचार करून सांगा. पण तोवर वापरा की. काही अडत नाही."

यांना पंपहाऊसमध्ये आठ दिवस ठेवायला हवं.

१५ तारीख, सोमवार

नवीन बिघाड: खुर्ची. काल संध्याकाळी फिरून आलो तेव्हा संगणकापुढची खुर्ची चार बोटं खाली गेलेली. सकाळी मी वर करून ठेवली होती. आतला दट्ट्या गळत असणार. आज परत तेच. दोन्ही दिवशी साधारण पाच ते सहाच्या दरम्यान खाली जाते. उन्हाने असेल का?

बायको जेवताना म्हणाली, "भावजींना आता पातळच द्यावं लागतं. गिळायला त्रास होतो."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना परवा."

मी म्हणालो होतो? मेलमध्ये तर तसं काही नाही. हल्ली बोललेलं लक्षात राहत नाही माझ्या. हेही नोंदवून ठेवतो.

तो विषय निघालाच आहे तर चूक कोणाची होती हेही एकदा लिहून ठेवायला हवं. आई धाकट्याकडे होती. सकाळी अकराला गेली. त्याचा पंपहाऊसवर फोन आला. माझी पाळी दोनपर्यंत. बदलीवाला वेळेवर आला नाही. पॅनेल सोडून उठता येत नाही, गावाचं पाणी असतं. तो आला पाचला. बसने तास-दीड तास. मी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते आणि आईला पाचलाच नेलं होतं. मी सगळ्या नातेवाइकांसमोर धाकट्याला विचारलं, थोरल्यासाठी तासभर थांबता आलं नाही तुला? त्याने माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलला नाही. ज्याच्या हाकेने बाजार थांबायचा त्याच्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही. मी त्याच पावली परत फिरलो. उत्तर असतं तर दिलं नसतं का त्याने?

तर हे असं आहे. मी तरीही बोलायला तयार आहे, हे लक्षात घ्यावं.

१६ तारीख, मंगळवार

कीबोर्डच्या फटीत निळा दोरा सापडला. वीतभर. संगणकात दोरा कुठून येतो?

शिवाय सहाला परत आल्यावर संगणकाच्या डब्याला हात लावला तर कोमट. मी तो सकाळी अकराला बंद केला होता. बंद असताना तापतो म्हणजे आत कुठेतरी वीज मुरतेय. आयकॉनचं मूळ कदाचित तिथेच असेल. उद्या मागचं झाकण काढून धूळ साफ करतो.

खुर्ची आजही खाली.

१७ तारीख, बुधवार

धूळ मूठभर निघाली. निकाल: नाही.

बायकोला म्हणालो, "वीस तारीख जवळ आली आणि याचं काही जमत नाही. मी आपला जिवाचं रान करतोय." ती भाजी चिरत होती. म्हणाली, "दिसतंय मला." तिच्या आवाजात काहीतरी होतं. राग म्हणावा तर राग नव्हता. सदतीस वर्षं झाली, पण हिच्या काही सुरांचा मला अजून अर्थ लागत नाही.

दुपारी तिने विचारलं, "अहो, तुम्हाला भीती कसली वाटते?"

"भीती कसली? नोंद चुकीची पुसली गेली तर संगणक उठणारच नाही."

"मी संगणकाचं विचारत नव्हते."

मग कशाचं विचारत होती ते तिने सांगितलं नाही. बाईंना उद्या सांगायचं ठरवलं, पुसा म्हणून. दोनच दिवस उरलेत, आता हात टेकले.

१८ तारीख, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पावणेपाचला बाहेर पडून फिरायला न जाता आधी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. बंद. दारावर कागद, 'उद्या दुपारी उघडेल'. तसाच परत आलो. पाच वाजून दहा मिनिटं झाली असतील. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज आला. पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा, पण चाल ओळखीची. वाक्याचा शेवट वर उचलायची सवय, लिलावात लागलेली.

"अजून दुरुस्तीच चालू आहे, वहिनी?"

"आज दुकानात गेले असतील. जुन्या नोंदी पुसायच्यात म्हणे."

तो हसला आणि हसता हसता खोकला लागला. बराच वेळ खोकत होता. बायको म्हणाली, "भावजी, पाणी घ्या घोटभर." मग त्याचा आवाज, "त्याच्यावर जबरदस्ती करू नकोस. येईल तो."

"अहो, पण उद्याचाच दिवस राहिला."

"मग उद्या येईल."

मी पायपुसण्यावर उभा होतो. खरं सांगायचं तर पहिला विचार हा आला की नेट चालू आहे. दुसरा विचार खुर्चीचा. बायको माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. मग दोरा, कोमट डबा, पातळ जेवण, एकेक करत सगळं जागेवर बसत गेलं. इतके दिवस मी नोंदी करत होतो आणि एकाही नोंदीचा अर्थ मला लागला नव्हता. सगळ्यात शेवटी हे लक्षात आलं की तो इतके दिवस रोज पाच वाजता खरंच बसत होता. तेव्हा मात्र मला जिन्यात खाली बसावं लागलं.

आत जायला हवं होतं. तीन पावलांवर होतं. गेलो नाही. आवाज न करता खाली उतरलो, दोन फेऱ्या मारल्या आणि नेहमीच्या वेळी कडी वाजवत घरात शिरलो. बायको मशीनवर बसलेली. "मिळाला उपाय?" "दुकान बंद होतं." दोघांनीही ताकास तूर लागू दिली नाही. रागावायला हवं होतं मी तिच्यावर, पण राग येईना. लाज येत होती.

खुर्ची मी वर केली नाही.

१९ तारीख, शुक्रवार

दुपारी बाई येऊन जाऊ का विचारत होत्या. मी नको म्हणालो, सोमवारी या.

पावणेपाचला बायको म्हणाली, "शेजारच्या बाईंचं माप घ्यायला जाते. तासभर लागेल." गेली. मापाची टेप मशीनवरच पडली होती.

संगणकापुढे बसलो. खुर्ची खाली होती, गुडघे पोटाशी आले, पण वर केली नाही. कोपऱ्यात भोंगा आणि घड्याळ, मधे काही नाही. घड्याळात पाच वाजले. मग पाच-दोन झाले. छत्तीस वर्षांत एवढी बटणं दाबली, पण हात इतका जड कधी झाला नव्हता. पाच-चारला दाबलं.

दोन रिंगांत तो समोर आला. मान बारीक झालीये, शर्टाची कॉलर कोणा दुसऱ्याची असावी अशी वाटत होती. केस सगळे गेलेत. डोळे तेच.

"दादा," तो म्हणाला. "नुसती छाती दिसतेय तुझी. कॅमेरा वर कर. वहिनीच्या उंचीला लावलाय तो."

मी कॅमेरा वर केला. आता मला माहीत आहे हे त्याला कळलं, त्याला कळलंय हे मला कळलं, आणि आम्ही दोघं हसलो. सात वर्षांनी पहिल्यांदा बोलताना असं होईल असं वाटलं नव्हतं.

"आयकॉन आला?"

"नाही."

"मग?"

"तसंच दाबलं."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "माझा आवाज बसत चाललाय. इतके दिवस वहिनीवर खर्च झाला. आता तू बोल, मी ऐकतो."

मी हवापाण्याचं बोललो. आमच्याकडे नळाला दाब कमी आहे, ते बोललो. तो ऐकत होता. घाई करत नव्हता, मधे तोंड घालत नव्हता. सहाला पाच मिनिटं कमी असताना मी ते बोललो.

इथे थांबून आधी एक दुरुस्ती लिहितो. पंधरा तारखेची नोंद खोटी आहे. लॉगबुकात खोटी नोंद मी आयुष्यात पहिल्यांदा केली. लॉगबुकात खोडायचं नसतं, खाली दुरुस्ती करून सही करायची असते. दुरुस्ती अशी: आई गेली त्या दिवशी बदलीवाला वेळेवर आला होता. दोनला पाच मिनिटं कमी असतानाच आला. मी पॅनेल त्याच्या ताब्यात दिलं, सही केली आणि शेजारच्या बाकावर बसून राहिलो. पाच वाजेपर्यंत. मला आईला तसं बघायचं नव्हतं. उठलो की ते खरं होणार होतं, म्हणून उठलो नाही. मग पोचलो तेव्हा उशीर झालेला आणि सगळे माझ्याकडे बघत होते, तर मी धाकट्यावरच ओरडलो.

हे सगळं मी त्याला सांगितलं. असंच, याच शब्दांत. सांगताना त्याच्याकडे बघवलं नाही, कीबोर्डकडे बघत होतो. बायकोलाही हे मी कधी सांगितलेलं नाही.

बराच वेळ काही नाही. मला वाटलं नेट गेलं. वर बघितलं तर तो होता.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"अडीच वाजता मी परत फोन केला होता. बदलीवाल्याने उचलला. म्हणाला, तुमचे दादा इथे बाकावर बसलेत, उठत नाहीत, बोलत नाहीत, फोन देऊ का त्यांना? मी म्हटलं नको, बसू दे त्याला." त्याला दम लागला, थांबावं लागलं. "पाचपर्यंत थांबलो आम्ही. पुढे थांबता येईना."

म्हणजे सगळ्यांसमोर मी जेव्हा ओरडलो, तेव्हा त्याला हे माहीत होतं. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं त्याला. मी विचारलं, "मग बोलला का नाहीस? सात वर्षं! एक फोन करून सांगायचं होतंस."

त्याने काहीतरी म्हटलं, पण आवाज फुटला नाही. नुसते ओठ हलले. मला कळलं नाही. त्याने घोटभर पाणी घेतलं, गळ्यावर हात धरला आणि परत म्हणाला.

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

त्याची बायको आत आली, दवाखान्याची पिशवी घेऊन. निघायची वेळ झाली होती. मला त्याला बरंच विचारायचं होतं, तब्येतीचं काहीच विचारलं नव्हतं. 'जा' एवढंच म्हणालो.

माझी बायको साडेसहाला आली. माझा चेहरा बघून शेजारी बसली. मी तिला ही नोंद वाचायला दिली.

२० तारीख, शनिवार

दुपारी चारला त्याच्या बायकोचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली.

२२ तारीख, सोमवार

बाईंनी त्या दोन नोंदी पुसल्या, संगणक बंद करून चालू केला. आयकॉन आला. निकाल: ठीक.

३० तारीख, मंगळवार

काल धाकटा दवाखान्यातून त्याच्या घरी आला. आज पाच वाजता कॉल लावला. दोन खुर्च्या शेजारी शेजारी ठेवून बायको आणि मी बसलो होतो. त्याच्या गळ्याला पट्टी, हातात पाटीसारखा एक बोर्ड. बोर्डावर लिहून दाखवलं, 'बोल.'

आमच्या घरात बोलायचं काम बायकोचं, आणि भावांमध्ये ते धाकट्याचं. मला एकट्याने बोलायची सवय नाही. तरी सुरुवात केली. दुरुस्तीवाल्या बाईंचं सांगितलं, त्यांनी चालू नेट दाखवलं तर मी बातमी कालची आहे म्हणालो ते सांगितलं. खुर्चीचा दट्ट्या उन्हाने गळतो अशी माझी पक्की समजूत होती आणि वंगण लावायला मी डबी काढून ठेवली होती, हेही सांगितलं. बायको म्हणाली, "अहो पुरे, भावजींचे टाके दुखतील."

मी थांबलो नाही. त्याचा आवाज आला नाही, पण खांदे हलत होते, त्यावरून कळलं की तो हसतोय.